पाहुण्यांचं औषध

त्या घरात वाळवीला वाळवी म्हणायची बंदी होती. कायदा धाकट्याच्या आईचा. तिचं म्हणणं असं, की त्यांना ऐकू येतं. नाव घेतलं की त्यांना कळतं, आपला पत्ता लागला. मग त्या खोलीतून उठतात आणि शेजारच्या खोलीत बिऱ्हाड थाटतात. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, पण कायदा करणारं माणूस गेलं म्हणून कायदा थोडाच जातो? उलट तो बदलायचा अधिकार कुणालाच उरत नाही.

मग म्हणायचं काय, हा प्रश्न धाकट्याच्या बायकोने सोडवला.

"न सांगता येतात, दिसेल ते खातात आणि जायचं नाव काढत नाहीत," ती म्हणाली. "पाहुणेच की."

तेव्हापासून वाळवी म्हणजे पाहुणे.

धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. वयाची बावन्न वर्षं झाली, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले, तरी नात्यात त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो घरगुती उपकरणांच्या कारखान्यात सूचनापत्रकं लिहायचा. इस्त्री, मिक्सर, पंखा विकत घेतल्यावर खोक्यातून जो बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद निघतो आणि जो न वाचता लोक ड्रॉवरच्या तळाला अंथरतात, तो कागद धाकट्याचा. 'कपडे अंगात असताना त्यांना इस्त्री करू नये' हे वाक्य त्याचंच. ते लिहायला कारण घडलं होतं. "माझ्या वाक्याचे दोन अर्थ निघाले तर कुणाची तरी बोटं जातात," असं तो चारचौघांत गंभीरपणे सांगायचा, आणि चारचौघं आपापली बोटं नकळत खिशात घालायची.

त्या रविवारी अकरा वर्षांनी दादाचा फोन आला.

"गुरुवारी येतोय," दादा म्हणाला. "दोघं. चार दिवस. डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय."

"ये," धाकटा म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसला. दादाच्या आणि त्याच्या गावच्या हवेत काडीचा फरक नव्हता.

या अकरा वर्षांचं कारण होतं एक चौकट. दादाची लाकडाची वखार होती. धाकट्याने घर बांधलं तेव्हा मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीचं लाकूड दादाने आपल्याकडून द्यायचं ठरवलं. धाकटा वखारीत गेला, दादाने म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी लाकडावर थाप मारली आणि म्हणाला, "शंभर वर्षं बघायला नको." धाकट्याने लाकडाला गाल लावला आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "दादा, हे ओलं आहे."

"ओलं तुझं डोकं आहे," दादा म्हणाला.

लाकूड घरी आलं, चौकट बसली आणि बोलणं थांबलं. पुढे लग्नाकार्यात दोघे भेटले, पण तिसऱ्याच्या मार्फत. "सांग त्याला, पंखा कमी कर." "सांगा त्यांना, पंखा कमीच आहे." आईच्या आजारपणात तर हे सगळं बिचाऱ्या नर्सला करावं लागलं.

या सगळ्या काळात धाकट्याला दादाकडून एकच गोष्ट हवी होती. दादाने म्हणावं, 'ओलं होतं.' दोन शब्द. पण फोनवर 'गुरुवारी येतोय' ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं, की त्याला ते दोन शब्द नको आहेत, दादा हवाय. हे लक्षात आल्याचा त्याला जरा रागच आला.

पाहुण्यांसाठी, म्हणजे खऱ्या पाहुण्यांसाठी, मागची खोली आवरायला घेतली. बायको म्हणाली, तिथे कॅलेंडर लावा, भिंत ओकीबोकी दिसते. भिंतीत खिळा जाईना म्हणून धाकट्याने चौकटीवर टाचणी टेकवली आणि अंगठ्याने दाबली. टाचणी आत गेली. तिच्यामागोमाग अंगठाही आत गेला, पार दुसऱ्या पेरापर्यंत. चौकट वरून रंगवलेली, गुळगुळीत, चेहरा प्रसन्न. आत नुसता भुसा आणि माती.

"अगं!" धाकटा अंगठा आत ठेवूनच ओरडला. "मी बरोबर होतो!"

बायको आली. तिने अंगठा पाहिला, भोक पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पाहुणे?"

"पाहुणे! दादाच्या लाकडात! अकरा वर्षं मी काय सांगत होतो?"

"खबरदार," बायको म्हणाली. "गुरुवारी दादा येतायत. ही चौकट त्यांना दिसली तर त्यांना वाटेल, नाक कापायलाच बोलावलं."

"मी कुठे बोलावलं? तो आपणहून..."

"मग आणखीच वाईट. आपणहून आले आणि नाक कापून घेऊन गेले."

धाकट्याने अंगठा बाहेर काढला. माणसाला आयुष्यात एकदाच असा निर्विवाद पुरावा सापडावा आणि तो लपवायची वेळ यावी, याचं त्याला वाईट वाटलं.

मंगळवारी पेस्ट कंट्रोलवाला तपासणीला आला. बांध्याने किरकोळ, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकायचा, कान लावायचा आणि निकाल सांगायचा. "भरीव. भरीव. भरीव. पोकळ." ठोकत ठोकत तो धाकट्यापर्यंत आला तेव्हा धाकटा घाईने बाजूला झाला.

"वाळवी आहे," पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला.

"हळू!" दोघे नवराबायको एकदम म्हणाले. मग त्याला कायदा समजावून सांगण्यात आला. त्याने शांतपणे मान डोलावली. त्याच्या धंद्यात त्याने याहून चमत्कारिक घरं पाहिली होती.

"बरं. पाहुणे," तो म्हणाला. त्याने चौकटीचा खालचा भाग बोटांनी चुरून दाखवला. "हे बघा, इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत. खालचं हे काळपट, ओलसर, कुस्करतंय, ही कूज. आणि वरच्या या मातीच्या नळ्या, हा पाहुण्यांचा जिना. आधी ओल येते, मग कूज धरते, लाकूड मऊ पडतं. पाहुण्यांना आयतं ताट वाढलेलं."

"म्हणजे लाकूड मुळातच ओलं होतं," धाकटा मोठ्या आशेने म्हणाला.

"छे हो. लाकूड उत्तम आहे. हे वर बघा, अजून दगडासारखं आहे." त्याने भिंतीपलीकडे बोट केलं. "तिकडे न्हाणीघर ना? नळ गळतोय. तीनचार वर्षं तरी गळत असणार."

 बायकोने फक्त धाकट्याकडे पाहिलं. नळाबद्दल जे बोलायचं ते ती चार वर्षं बोलत आली होती. धाकट्याने नळाला तेव्हाच एक चिंधी बांधली होती आणि त्याच्या मते तो विषय मिटला होता.

"हे दादाला सांगायची काही गरज नाही," तो पुटपुटला.

"यातलं त्यांना काहीच सांगायचं नाहीये," बायको म्हणाली.

औषध घालायला पेस्ट कंट्रोलवाल्याकडे शुक्रवार सकाळशिवाय वेळ नव्हता. फरशीच्या कडेने फूटफूट अंतरावर भोकं पाडायची, त्यातून जमिनीत औषध सोडायचं, भोकं सिमेंटने बुजवायची, कुजलेला भाग कापून टाकायचा आणि खोली सहा तास बंद ठेवायची. ठरलं असं, की शुक्रवारी बायको दादावहिनींना बागेत घेऊन जाईल, तेवढ्यात काम उरकायचं आणि दारावर पडदा सोडायचा. राहिला प्रश्न गुरुवारचा. बुधवारी धाकट्याने अंघोळीचा गुलाबाच्या वासाचा साबण किसून, मळून चौकटीतल्या भोकात भरला आणि वरून तपकिरी बूट पॉलिश फिरवलं. काम इतकं बेमालूम झालं, की तो चार पावलं मागे जाऊन स्वतःच फसला.

गुरुवारी दादा आणि वहिनी आले. दादा थकला होता, पण चालण्यातला वखारीच्या मालकाचा रुबाब तसाच होता. वहिनी गोऱ्यापान, अंगाने भरलेल्या. प्रवासात पाय सुजल्यामुळे आल्या आल्या मागच्या खोलीतल्या पलंगावर जाऊन पडल्या त्या पडल्याच.

दादा मात्र चौकटीपाशी थांबला.  दादाने हात उचलला, थाप मारणार एवढ्यात बायकोने त्या हातात पाण्याचा पेला ठेवला. दादा पाणी प्यायला, मग त्याने नाक चौकटीजवळ नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. दुसरा घेतला.

"वास बघ," तो म्हणाला.  "अकरा वर्षं झाली. अजून लाकडाला वास आहे."

"आहे ना," धाकटा म्हणाला.

"गुलाबासारखा. असं लाकूड आता मिळत नाही."

"मिळत नाही," धाकट्याने मान्य केलं. हे अक्षरशः खरं होतं.

संध्याकाळ छान गेली. दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलले. आधी पंख्याबद्दल, मग आईबद्दल, मग लहानपणी दोघांनी मिळून फोडलेल्या आणि एकट्या धाकट्याने मार खाल्लेल्या बरणीबद्दल. झोपायला जाताना दादाने जाता जाता धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. भरीव, असं धाकट्याला वाटून गेलं.

शुक्रवारी सकाळी दादा दात घासायला गेला हे पाहून धाकटा स्वयंपाकघरात आला, तोच पेस्ट कंट्रोलवाल्याचा फोन आला. धाकट्याने ओट्याकडे तोंड केलं आणि हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"हो, बोला... आहेत ना, पाहुणे आहेतच अजून. ते आपणहून जातायत कुठले!... मागच्याच खोलीत... दिसायला दोन दिसतात हो, पण आतून किती पोखरून ठेवलंय ते तुम्ही पाहिलंत ना... खाणं? अखंड चालू... राणी? म्हणजे ती पांढरीफटक, जाडजूड, एका जागी पडून असते म्हणालात ती? बरोबर, तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय बाकीचे हलायचे नाहीत... नाही नाही, दयामाया नको, औषध कडकच घाला. फक्त वास येऊ देऊ नका. वास आला तर उठून आमच्या खोलीत येतील... ठीक, या दहाला. आज निकाल लावूनच टाकू."

फोन ठेवून तो वळला. दारात दादा उभा होता. तोंडात ब्रश, ब्रशभोवती फेस. फेसामुळे त्याला काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मग तो वळून निघून गेला.

दादाने काही ऐकलं असेल का, याचा धाकट्याने विचार केला. ऐकलं असलं तरी त्यात वाळवीचा उल्लेखही नव्हता. धाकटा स्वतःवर खूष झाला. आयुष्यभर लोकांना सावध करणारी वाक्यं लिहिलेल्या माणसाला, आपण आत्ता काय बोललो, हे समजायला पुरती वीस मिनिटं लागली. तेही आपलं आपण नाही.

"अहो," बायको धावत आली. "दादा बॅग भरतायत. वहिनी रडतायत. आणि मला बघून त्या पलंगावरून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'बघ, हलले.' काय झालं काय?"

धाकट्याच्या डोळ्यांसमोर ते सगळं संभाषण पहिल्या शब्दापासून उलगडलं. पाहुणे. दोन. अखंड खाणं. पांढरीफटक. कडक औषध. 

तो बाहेरच्या खोलीत पोचला तेव्हा दादा बॅग घेऊन दाराशी उभा होता, मागे वहिनी, डोळ्यांना पदर.

"दादा, तू समजतोयस तसं काही..."

"तसदी घेऊ नकोस," दादा म्हणाला. "औषध वाया घालवू नकोस आमच्यावर. चाललो आम्ही. उद्या कुणी खऱ्या अर्थाने जड झालं तर त्याला घाल."

"मी जाडजूड आहे हे मला ठाऊक आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण पांढरीफटक?"

तेवढ्यात बेल वाजली आणि दादाने दार उघडलं. दारात पेस्ट कंट्रोलवाला. पाठीवर औषधाची टाकी, गळ्यात मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे आणि खांद्यावर ड्रिल. दहाचं सांगून तो साडेनऊलाच आला होता. वक्तशीर माणसांचं हे असंच असतं.

"नमस्कार," तो म्हणाला. "पाहुणे मागच्याच खोलीत ना? की पसरले?"

"पाहुणे इथे उभे आहेत," दादा म्हणाला.

पेस्ट कंट्रोलवाल्याने दादाला आपादमस्तक न्याहाळलं. मग ड्रिल हळूच खाली ठेवलं.

"साहेब," तो धाकट्याला म्हणाला, "एवढे मोठे असतील असं तुम्ही बोलला नव्हतात."

आता धाकट्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहावं तर दादा जाणार, आणि या खेपेला अकरा वर्षांवर भागणार नव्हतं. सांगावं तर चौकट दाखवावी लागणार, म्हणजे दादाच्या लाकडाची शोभा, म्हणजे पुन्हा तेच भांडण, म्हणजे तरीही दादा जाणार. पण निदान तो खऱ्या कारणासाठी जाईल. उपकरण बिघडायचंच असेल तर योग्य पद्धतीने वापरताना बिघडावं.

"वाळवी!" धाकटा ओरडला.

 बायकोने घाबरून भिंतीकडे पाहिलं.

"वाळवी म्हणतो मी! आम्ही वाळवीला पाहुणे म्हणतो! आईचा कायदा, नाव घ्यायचं नाही! राणी म्हणजे वाळवीची राणी! वहिनी, तुम्ही नाही हो!"

"कुठे आहे वाळवी?" दादाने विचारलं.

धाकट्याने त्याला हाताला धरून मागच्या खोलीच्या दाराशी नेलं. दादाने चौकटीकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला गुलाबी साबण आणि भुसा लागला होता. दादाने तो हुंगला. कालचा लाकडाचा वास कुठून आला ते त्याला कळलं. 

आणि मग वहिनी हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग चौकटीला धरून; चौकट जरा वाकली म्हणून भिंतीला धरून.

"अहो," त्या दादाला म्हणाल्या, "इथे पण धाकटा!"

"गप्प बस," दादा म्हणाला.

"धाकटा काय?" धाकट्याने विचारलं.

"आमच्याकडेही नाव घेत नाहीत, भाऊजी. सासूबाईंचा कायदा तिकडेही चालतो. तुम्ही पाहुणे म्हणता, आम्ही धाकटा म्हणतो." त्यांनी डोळे पुसले. "धाकट्याने टेबलाचा पाय खाल्ला. धाकटा माळ्यावर चढला. धाकट्याला रॉकेल पाजा. आमच्या नातीने तर शाळेत निबंध लिहिला, 'माझे धाकटे आजोबा कपाटामागे राहतात आणि लाकूड खातात.' बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं, म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. "माझंच नाव सापडलं तुला?"

दादा फरशीकडे बघत होता. "त्याच गाडीतलं लाकूड मी माझ्या घराला लावलं होतं," तो म्हणाला. "सगळ्या दारांना. तुला वाईट आणि मला चांगलं, असं केलं नव्हतं मी. पहिलं भोक दिसलं तेव्हा तू वखारीत गाल लावून उभा होतास ते आठवलं. दुसरं दिसलं तेव्हाही. मग नावच पडलं." तो थांबला. "ओलं होतं."

दोन शब्द. अकरा वर्षं धाकट्याने हा क्षण नाना तऱ्हांनी डोळ्यांपुढे आणला होता. त्यात आपण काय म्हणू, कसे उभे राहू, हेही ठरलेलं होतं. प्रत्यक्षात त्या शांततेत त्याला न्हाणीघरातून येणारा आवाज ऐकू आला. टप्. टप्. टप्. चिंधी भिजून थेंब खाली पडत होता.

"ओलं नव्हतं, दादा," तो म्हणाला. "नळ गळतोय. चार वर्षं. मी चिंधी बांधली होती."

"उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. ओलं होतं."

"अरे, यांनी तपासलंय! लाकूड उत्तम आहे!"

"वखार कुणाची? लाकूड कुणाचं? मी सांगतोय ओलं होतं!"

"आणि नळ कुणाचा? माझा नळ आहे! माझ्या नळाने सडलंय!"

"तुझ्या नळाची काय टाप आहे माझं लाकूड सडवायची!"

"साहेब," पेस्ट कंट्रोलवाला समजुतीने म्हणाला, "तुमच्या घरचं तुमच्या लाकडामुळे असेल, यांच्या घरचं यांच्या..."

"तुम्ही मध्ये पडू नका!" दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

दादाने बॅग बाहेरच्या खोलीत आपटली, पण दारापासून आत. वहिनी कोचावर बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "चहा टाक गं. बागेत नंतर जाऊ. हे बघण्यासारखं आहे."

मागच्या खोलीत ड्रिल घुर्रघुर्र करू लागलं. भोकं पडली, औषध उतरलं, चौकटीचा कुजका भाग कापून पोत्यात गेला. दार बंद झालं. सहा तास चौघांना बाहेरच्याच खोलीत काढायचे होते आणि दोघे भाऊ पुन्हा अबोल झाले होते. मधे चहा झाला. दादाने कप खाली ठेवला.

"सांग त्याला," तो वहिनींना म्हणाला, "नवीन चौकट मी देणार आहे."

"सांग त्याला," धाकटा बायकोला म्हणाला, "या खेपेला वाळलेली दे."

"त्याला म्हणावं, आधी नळ बदल."

"म्हणावं, बदलतो. पण त्याने पंखा कमी करावा."

वहिनींनी उठून पंखा कमी केला.

सामान आवरून पेस्ट कंट्रोलवाला निघाला. दाराशी थांबून त्याने शेवटच्या सूचना दिल्या. त्या धाकट्याच्या पत्रकांपेक्षा कितीतरी थोडक्यात होत्या. खोली सहा तासांनी उघडायची. भिंतीशी पाणी येऊ द्यायचं नाही. महिन्याने तो पुन्हा बघायला येईल. "आणि मधल्या काळात घरात पाहुणे दिसले," तो म्हणाला, "तर लगेच कळवा."

"दिसतील," दादा म्हणाला. "चौकट घेऊन मीच येणार आहे."